आठ वाजताची मॅच

६ ऑक्टोबर २०१७

हरलो! तीन-शून्य! तरी मले मजा आली. चौथी शिकलेली म्हातारी मी, जन्मात पहिल्यांदा फुटबॉल पाह्यला. भारताची पोरं, मिसरूडही न फुटलेली, दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात अमेरिकेसंग खेळून राह्यली! माह्या पोराले, धम्मदीपले, दिसत नाही, दिवसभर डोळ्यावर पट्टी, म्हणून मीच त्याले सांगते — बॉल इकडं गेला, तिकडं गेला. टीव्हीतला माणूस इंग्रजीत बोलते, धम्मा अर्थ सांगते, मी नातीच्या जुन्या वहीत लिहिते. आजचे शब्द : पास, कॉर्नर, सेव्ह. सेव्ह म्हणजे वाचवणं.

मागच्या महिन्यात धम्मा रोजानं कपाशीच्या फवारणीले गेलता. पंप गळका, विषारी औषध डोळ्यात गेलं. त्याच्यासंगचा हरिसिंग दवाखान्यातून आलाच नाही. त्याले कोणी सेव्ह केलं नाही. — लिहून बसली. राहू दे.

९ ऑक्टोबर

गोल! आपला गोल! मी अशी ओरडली का शेजारची मैनाबाई धावत आली. "काय झालं व, साप निंघाला का?"

"गोल झाला!"

"बुढी येडी झाली," म्हणे. अन् मिनिटभरात समोरच्यायनं परत मारला. हरलो.

१२ ऑक्टोबर

चार-शून्य. भारत घरी गेला. धम्मा म्हणे, "माय, आता दुसऱ्यायचं पाहू. शब्द तं तेच हायेत."

दिवसा पट्टी काढायची नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं. रात्री आठले काढायची, औषध टाकायचं, दीड तास डोळे उघडे ठेवायचे. खोलीत दिवा नको. म्हणून मी टीव्हीच्याच उजेडात थेंब टाकते. चोवीस तारखेले नागपूरचे मोठे डॉक्टर येणार, महिन्यातून एकदाच येतात. डोळ्याले उजेड कळला तं ऑपरेशन. नाही कळला तं — नाही.

नवा शब्द : इंज्युरी टाइम. खेळताना वाया गेलेला वेळ रेफरी शेवटी परत देते. किती चांगला माणूस!

१८ ऑक्टोबर

ब्राझील जिंकलं. धम्मानं आज स्वतःच स्टूल सरकवून टीव्हीच्या अगदी समोर घेतलं. सारखा हासून राह्यला. म्हटलं, "काहून रे, खूश दिसतं?"

"चोवीसले सांगीन."

काय सांगते कोणास ठाऊक! वहीत छत्तीस शब्द झाले. सून नलू कापूस वेचून आली, तिले म्हटलं, "तू ऑफसाइड उभी हायेस, सरक." लय दिवसांनी हासली बिचारी.

२१ ऑक्टोबर

इंग्लंड-अमेरिका. पहिला गोल झाला अन् टप्प करून टीव्हीचं चित्र गेलं! पडदा काळा. आवाज मात्र चालू. कळंबचा दुरुस्तीवाला दिवाळीनं गावाले गेलेला.

धम्माले सांगतलंच नाही. हा एवढाच त्याचा आनंद. अन् खरं सांगू का — मले गरजच पडली नाही! कानानं 'कॉर्नर' ऐकलं का मी सांगे, "पोरगा कोपऱ्यात बॉल ठेवून राह्यला." एका पोरानं तीन मारले, तेही समजलं. इंग्रजी ऐकून मराठीत सांगतली अख्खी मॅच, या म्हातारीनं! नलूले दाराआड म्हटलं, "बोलू नको."

औषध चाचपून टाकलं. दोन थेंब गालावर गेले.

२२ ऑक्टोबर

आज तं मी अजून रंगवून सांगतलं. जर्सी पिवळी, गवत हिरवंगार. धम्मा मॅच संपायच्या आधीच म्हणे, "बांध पट्टी."

२३ ऑक्टोबर

जेवला नाही. भिंतीकडं तोंड. "उद्या जायचं नाही," म्हणे. नलू रडली. मी रागावली, हात जोडले. नाही म्हणजे नाही.

२४ ऑक्टोबर

सकाळची एस.टी. गेली. दुपारचीही. तो उठला नाही. नलू म्हणे, "आत्याबाई, मोठे डॉक्टर आता चारले निंघून जातील." गेलेही असतील.

रात्री पट्टी काढली तेव्हा बोलला. "माय, मले दिसत होतं. टीव्हीचा उजेड. निळा निळा, हालून राह्यलेला. चोवीसले डॉक्टरसमोरच सांगू म्हटलं. तं शनिवारी टप्प करून गेला. आता सारं काळं. कायले जाऊ?"

माह्या हातातली औषधाची बाटली पडली.

"धम्मा," म्हटलं, "शनिवारी टीव्ही गेला रे."