अर्धी पट्टी गोकुळदासाची

इब्रामपूर, पेडणे
गुरुवार दुपार

चि. सुधीर यास दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व देवाच्या कृपेने बरे आहोत. तुझा खोकला गेला का? कोल्हापूरच्या थंडीत कानटोपी घालत जा, लाजू नकोस.

आता बातमी ऐक. माझी कंबर बरी झाली! आयच्यान, खरंच! सुर्ल्याच्या खाणीवर बावीस वर्षं ट्रक हाकून जी शीर दबली होती, जी उठताबसता पायाच्या अंगठ्यापर्यंत ठणका मारायची, ती चार दिवस गप्प आहे. काल मी विहिरीवरून दोन कळशा पाणी आणलं. तुझी वहिनी सुशीला बघतच राहिली (आणि मग तिने तिसरी कळशी पुढे केली). पौर्णिमेला जत्रा, आणि पालखीचा पुढचा दांडा आपल्या घराचा. बाबांनी तो चाळीस वर्षं धरला. गेल्या वर्षी मी खाटेवर आणि तू परगावी, म्हणून शंभूने खांदा दिला (चुलतभाऊ झाला म्हणून काय झालं, वर्षभर मिरवतोय मेला). यंदाही चुकलो तर मान कायमचा त्याच्या घरात जायचा.

तर डिचोलीच्या एका खाजगी दवाखान्यात डॉ. प्रतीक्षा म्हणून बाई कंबरेला चिकटवायच्या औषधी पट्टीची चाचणी घेतात. मी आणि गोकुळदास (तोच, पालखीचा मागचा दांडा धरणारा, त्याचीही कंबर ट्रकनेच खाल्ली) दोघांनी नाव घातलं. नियम असा, की काहींना औषधाची पट्टी, काहींना नुसती साधी, आणि कुणाला कोणती ते बाईंनाही ठाऊक नाही! मग विचारायचं कुणाला? आपल्या गावात विचारायची जागा एकच. मी देवाला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवल्या (देवालाही पट्ट्याच की रे!) आणि गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या लेकराच्या कंबरेक लायल्या ती पट्टी वखदाची आसल्यार उजवी दी." तू शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगतो, उजवी कळी पडली की होय, डावी पडली की नाही. देवाने ताडकन डावी दिली. माझं तोंड एवढंसं झालं. मग गोकुळदासाच्या नावाने विचारलं, तर उजवी! तो देवळातच नाचायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, अरे, पालखीला दोन टोकं असतात, तुझ्या एकट्याची कंबर बरी होऊन काय उपयोग? देवमाणूस तो, लगेच कबूल झाला. त्या दिवसापासून आम्ही सुशीलाच्या कात्रीने दोघांच्याही पट्ट्या मधोमध कापतो. त्याची अर्धी मला, माझी अर्धी त्याला.

आणि काय सांगू! दवाखान्याच्या वहीत दहापैकी किती दुखतं ते रोज लिहायचं असतं. पहिल्या दिवशी मी नऊ लिहिलं होतं, काल एक. (शून्यच लिहिणार होतो, पण सुशीला म्हणाली, शून्य लिहाल तर उद्यापासून कुदळ हातात देईन.) संध्याकाळी आम्ही दांडीला भाताची पोती बांधून अंगणात सराव केला. शंभू कुंपणापलीकडून बघत होता. काय त्याचं तोंड झालं होतं, तू असायला हवा होतास!

मनीषाला आणि मुलांना माया.

तुझा दादा,
सखाराम

ता. क. पाकीट चिकटवणार तोच नाक्यावरच्या दुकानात डॉक्टरबाईंचा फोन आला. वापरलेल्या पट्ट्या परत द्यायच्या असतात, त्या आम्ही पाठवल्या होत्या. सगळे अर्धे तुकडे बघून त्यांनी आम्हा दोघांची नावं काढून टाकली. मी कौलाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सखारामभाऊ, हा पहिला आठवडा नुसता कातडीला पट्टी सोसते का ते बघायचा होता, सगळ्यांनाच साधी दिली होती.

पुन्हा ता. क. म्हणजे माझ्याबद्दल देव खरं बोलला. गोकुळदासाबद्दल का खोटं बोलला तेही आता कळतंय. पालखी उचलायला देवाला एक तरी माणूस हवा होता. फोन ठेवल्यापासून माझा अंगठा पुन्हा ठणकतोय, हे पालथा पडून लिहितोय. गोकुळदासाला मी काही सांगितलेलं नाही, तो तिकडे पोती उचलतोय. तू काहीही करून रजा काढ, आदल्या दिवशी ये आणि पुढचा दांडा धर, शंभूला हात लावू देऊ नकोस. आणि येताना कोल्हापुरातून कंबरेला लावायच्या डझनभर साध्या पट्ट्या आण. गोकुळदासाकडे दोनच उरल्यात.