बारा पॉइंट हवा

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आली! सायकलची दोन्ही चाकं आली! खोकं एवढं मोठं की लिफ्टचं दार लागेना. शेवटी बगलेत मारून जिन्याने वर आणलं.

सासूबाईंनी दार उघडलं. आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरात पाय ठेवायला जागा नाही, एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांची नाराजी अशीच असते — बिनआवाजाची.

नवऱ्याशी ठरलेलं इथे लिहूनच ठेवते, म्हणजे मला पळवाट नको. मागच्या वर्षी खाणीच्या उतारावर आपटले, खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तो उतार आला की खाली उतरते आणि सायकल हाताने धरून चालते. बाकीचे शेजारून भुर्रकन जातात, मी कडेकडेने! गेल्या महिन्यात वैतागून मीच म्हणाले, फेब्रुवारी संपायच्या आत सायकलवर बसून तो उतार पार केला नाही, तर विकून टाकू. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी ऑफिसातलं गिऱ्हाईक शोधून ठेवलं. एवढी तत्परता घरातला नळ गळतो तेव्हा कुठे जाते?

रुंद टायरचं खूळ डॉक्टरीणबाईने डोक्यात घातलं. ती दातांची डॉक्टर, दर रविवारी माझ्याबरोबर सायकल चालवते. म्हणाली, चाक आकाराने जरा लहान घे, टायर मात्र चांगला जाडजूड. एकूण उंची साधारण तेवढीच राहते आणि दगडावर पकड मिळते. माझ्या फ्रेममध्ये मावला तर!

शनिवार, ७ फेब्रुवारी

मावला!!

सायकलवाल्याने आधी मानच हलवली होती. तीन इंची टायर या फ्रेममध्ये? ताई, हट्ट सोडा. पुढे ठीक, मागे नाही बसायचा. मी म्हटलं, बसवून तर बघू. सकाळभर त्याच्या दुकानात ठाण मांडलं. जुन्या चाकांवरचे गिअर आणि ब्रेकच्या चकत्या काढून नव्यांवर चढवल्या, टायर चढवले, हवा भरली, मागचं चाक आत सरकवलं. गरगर फिरलं, कुठे घासेना. मी पर्समधून मापाचा कॅलिपर काढला. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई मी, नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार होय? दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर जागा! झाला की नाही हट्ट पुरा!

सायकलवाल्याने दोनदा वाकून पाहिलं आणि चहा मागवला. अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी आणून बोळात उभी केली. काय ऐट आहे तिची! संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी तिच्यावर जुनी चादर टाकली होती. रोजचंच आहे. ती पडल्यापासून — म्हणजे मी पडल्यापासून — सायकल त्यांना डोळ्यांसमोर नको असते.

सोमवार, ९ फेब्रुवारी

घासतो! मागचा टायर घासतो!!

कामावर निघताना सहज चाक फिरवलं तर खर्र खर्र. कॅलिपर लावला — एका बाजूला दीड मिलिमीटर, दुसरीकडे रबर थेट फ्रेमला टेकलेलं. रंगही खरवडला गेला. परवाचे सहा मिलिमीटर गेले कुठे?

दुकानात फोन केला तर सायकलवाला शांतपणे म्हणतो, ताई, नवा टायर हवा भरल्यावर दोन दिवस ताणतो, रुंद होतो. मग परवा का नाही बोललास बाबा? तर म्हणे, तुम्ही एवढ्या खुशीत होतात.

स्वतःचाच राग आला. चष्म्याची फ्रेम गरम करून काच बसवली की ती गार होईपर्यंत मी माप घेत नाही. नव्या मुलींना यावरून किती बोलते! आणि स्वतःच्या सायकलीला ताज्या हवेवर कॅलिपर लावून नाचत बसले.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तोड निघाली. पुढे तीन इंची राहू दे, तिथे जागा ऐसपैस आहे. मागे थोडा अरुंद. सायकलवाल्याने टायर बदलून दिला, कुरकुर न करता. आता दोन दिवस हातही लावणार नाही. कॅलिपर मुद्दाम चष्म्याच्या दुकानात ठेवून आले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

ताणून, फुगून, जे काय व्हायचं ते होऊन — पाच मिलिमीटर. दोन्ही बाजूंना. पुन्हा पुन्हा मोजले. पाच!

रविवार, १५ फेब्रुवारी

चढावर तर मजाच मजा. सुट्या खडीवर जुनं चाक जागच्या जागी फिरायचं, आज नवा टायर खडी पकडून वर चढत होता. डॉक्टरीणबाई मागे राहिली! मागे वळून हसले, तशी तिने मला दातांचं बिल पाठवायची धमकी दिली.

मग उतार आला.

वरून तो दिसतोही तसा साधाच. दगडाच्या तीन ओबडधोबड पायऱ्या, मध्ये सुटी खडी, दुसऱ्या पायरीपाशी वळण. तिथेच मागच्या वर्षी आपटले होते. पहिली पायरी उतरले आणि सायकल अशी उडाली, अशी उडाली की पाचावर धारण बसली. दोन्ही ब्रेक करकचून दाबले. पाय जमिनीवर. उरलेला उतार पुन्हा पायी.

खाली डॉक्टरीणबाईने टायर दाबून पाहिला. अंगठा आत जाईना. वीस पॉइंट हवा! "अगं, एवढी फुगवून आणलीस तर हा रुंद टायर घेतलास कशाला? बारावर आण," म्हणाली. बारा? रिम दगडावर आपटली म्हणजे? ते काही मला धजवत नाही. फार तर सोळा.

येताना रडू आलं थोडं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नवऱ्याने जेवताना विचारलं, गिऱ्हाइकाला काय कळवू? मी म्हटलं, अजून महिना संपलेला नाही. तो चिडवत नव्हता, ते मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी मला हॉस्पिटलात त्यानेच नेलं होतं.

मग मीच त्याला बोळात नेलं आणि चादर काढून सगळं समजावलं. टायर कडक असला की दगडावरून उडतो आणि आपल्याला उडवतो. हवा कमी असली की दगड टायर सोसतो, आपल्यापर्यंत येऊ देत नाही. व्हॉल्व्हच्या टोकाचा बारीक नट सैल करून दाखवला, बोटाने दाबला — फुस्स! वीसची सोळा केली; डॉक्टरीणबाई बारा म्हणते, तेही सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, पण पडलीस तर? मी नट पुन्हा आवळला.

सासूबाई दारात बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचं लक्षही नव्हतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आता हे काय नवीन! हवा उतरते आहे. सोळा होती, आज मोजली तर तेराच्या खाली. पुढची, मागची, दोन्ही! साबणाचं पाणी लावून बसले, एक बुडबुडा नाही. पुन्हा सोळा भरली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पुन्हा तेच. वर व्हॉल्व्हच्या टोकाचे नट सैल. सायकलवाला म्हणतो, नव्या टायरचं बस्तान बसायला वेळ लागतो. तुझं बस्तान बसेपर्यंत माझी सायकल जाईल रे! त्याने टायरच्या आतलं, भोक बुजवणारं औषध आणखी ओतलं. माझ्या नाकात दम आला आहे.

सासूबाईंनी आज माझं हेल्मेट धुऊन वाळत घातलं होतं. विकायच्या आधी स्वच्छ करताहेत की काय, असं वाटून गेलं. विचारायची हिंमत झाली नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

उद्या. सोळा भरली. नट बोटांनी घट्ट आवळले. गिऱ्हाईक सोमवारी संध्याकाळी सायकल नुसती बघायला येणार आहे.

रविवार, २२ फेब्रुवारी

उतरले!!! सायकलवर बसून! पूर्ण उतार! एकदाही पाय न टेकता!

नीट लिहिते.

डॉक्टरीणबाई वेळेआधीच खाली येऊन हाका मारायला लागली, म्हणून हवा न मोजताच निघाले. चढ चढलो. वर पोचल्यावर मी थांबलेच. ती म्हणाली, मी आधी जाते, तू माझ्या मागून ये, बघू नकोस, बोलत राहा. काय बोलू? मी मोठ्याने चष्म्याचे नंबर म्हणत निघाले!

पहिली पायरी. उडाली नाही! टायर दगडावर नुसता दबला आणि पुढे सरकला. मला खरंच वाटेना. खडी आली, मागचं चाक जरा हललं आणि आपोआप सरळ झालं. मग ती दुसरी पायरी. वळणावरचा तो दगड मी वर्षभर स्वप्नात पाहिला आहे. ब्रेकवर बोटं गेली — आणि सोडली. सोडली! चाक दगडावर चढलं, पलीकडे उतरलं, एवढंच. तिसरी पायरी कधी आली ते कळलंही नाही. खाली पोचले तेव्हा मी वजा अडीचवर होते आणि डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत होती.

पुन्हा वर गेलो. पुन्हा उतरले. तिसऱ्यांदाही! मला आज आकाश ठेंगणं आहे.

नंतर तिने टायर दाबून पाहिला आणि म्हणाली, ऐकलंस ना माझं शेवटी. मी म्हटलं, छे, सोळा आहे. तिने हवेचं मापक लावलं. बारा! दोन्हीकडे बारा! म्हणजे रात्रीत पुन्हा गळली. गळकी तर गळकी, त्या गळतीचं भलं होवो!

घरी आले तेव्हा सासूबाई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. म्हटलं, आई, उतरले. त्यांनी माझा खांदा चाचपला, तोच मोडलेला. मग कोपर, मग मनगट. "जेवून घे," म्हणाल्या. मागच्या वर्षी हात गळ्यात बांधलेला असताना रोज माझी वेणी यांनीच घातली होती, ते का कोण जाणे आठवलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाला नवऱ्याने दारातूनच परत पाठवलं. वर त्याला सांगत होता, बायको खाणीचा उतार उतरते माझी! जणू यानेच ढकललं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

काल रात्री सोळा भरून ठेवली होती. नेमकं किती गळतं ते एकदा बघायचंच होतं. आज लवकर जाग आली. बोळातून आवाज — फुस्स.

सासूबाई चादर वर करून मागच्या चाकापाशी बसल्या होत्या. बोट व्हॉल्व्हवर. मला पाहून दचकल्या नाहीत.

"तूच म्हणालीस ना, हवा कमी असली की दगड टायर सोसतो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्याने जेवढा सोसला तेवढा तुला नको."

मी शेजारी बसले. मापक लावलं. बारा.

नट तेवढा घट्ट करत जा आई, म्हटलं. आणि करून दाखवला.