डायरेक्टला जायची तयारी

३ मार्च २०१९, आष्टी

आज मोठा शोध लागला. निवृत्तीसाठी मी ज्या म्युच्युअल फंडात पैसे टाकतोय तो ‘रेग्युलर’ आहे. तोच फंड ‘डायरेक्ट’ही मिळतो. रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं, फंड बुडाला तरी. एजंट म्हणजे उत्तरेश्वर. आमच्या दूध संघाचा संचालक. मी त्याच संघात हिशेबनीस. हिशेबनीस असून इतकी वर्षं कळलं नाही, असं नाही. लक्ष दिलं नव्हतं. उद्या स्पष्ट बोलणार.

४ मार्च

गेलो होतो. गल्लीत नळ कोरडे. उत्तरेश्वरच्या बोअरचा पाइप फक्त आमच्या घरी येतो. तो पाइप ओलांडूनच त्याच्या अंगणात जावं लागतं. परत आलो. भिऊन नव्हे. वेळ बरोबर नव्हती.

१७ मार्च

तो स्वतःच आला. खर्च जरा जास्त वाटतो, असं मी ठणकावून म्हणालो. त्यानं लगेच मान्य केलं. म्हणाला, फंडच बदलू. सही केली.

नवा फंडही रेग्युलर निघाला. वर्षाच्या आत काढला तर वर एक टक्का कापणार. पण मुद्दा मान्य झाला, हे महत्त्वाचं.

२ एप्रिल

शेजारच्या गहिनीनाथला डायरेक्टचं सगळं समजावलं. तोही संघातच आहे. संध्याकाळी आमच्या पाइपची धार करंगळीएवढी झाली. वत्सला म्हणते, अहो, तुमचं तोंड नडलं. बायकांना भूगर्भातलं कळत नाही. दुष्काळात बोअर खाली जातातच.

३ एप्रिल

गहिनीनाथला सांगितलं, रेग्युलरही वाईट नसतं. दुपारी धार वाढली. निव्वळ योगायोग.

१९ मे

आज शेवटचं बोलायचं ठरवून संघाच्या चारा छावणीवर गेलो. उत्तरेश्वरनं मांडवात बसवून चहा पाजला आणि रिटायरमेंट फंडाचा फॉर्म पुढे केला. पाच वर्षं पैशाला हात लावता येत नाही. मी बराच वेळ नाही म्हणालो. शेवटी विचारलंच, हा तरी डायरेक्ट हाय का?

“डायरेक्टच की अण्णा. माझ्या हातनं डायरेक्ट तुमच्या फंडात.”

मग म्हणाला, “पाण्याची काळजी करू नका. मी हाय तवर कमी पडणार न्हाई.”

सही केली. लॉक-इनमुळे माणसाला शिस्त लागते.

९ जून

अजून ढग नाही. उत्तरेश्वरनं आमच्या पाइपला फाटा काढायला एक टी दिला. म्हणाला, फंडाच्या फॉर्मवर गहिनीनाथची सही आणा, त्यालाही जोडून देऊ. माझ्याकडे जबाबदारीचं काम आलं, हे बघून बरं वाटलं.

गहिनीनाथनं फॉर्म वाचलाच नाही. विचारलं, “अण्णा, तुमीच म्हणले व्हते ना, ह्यात कमिशन जातंय म्हणून?”

म्हणालो, अभ्यास वाढला की मत बदलतं.

“घरात लेकरं हायत,” म्हणाला आणि सही केली.

मला वाईट वाटलं. माणसानं असं पाण्यासाठी वाकू नये. माझं प्रकरण वेगळं आहे.

घरी येऊन वत्सलाला सगळं सांगितलं. आमच्या पाइपला चांगली जाड धार होती. तिनं रिकामे हंडे उचलले आणि वेशीवर टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.