ग्लटनची पाटी उतरणार नाही

चि. भाचेबुवांस मावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझी सर्दी गेली असेल, सूनबाईची पाठदुखी थांबली असेल. नसेल थांबली तर शेक घ्यायला सांग, उगाच दहा डॉक्टर करू नका. इकडे सगळे धडधाकट. आता कामाचं बोलते. "मावशीला म्हणावं ती पाटी आधी उतरव, चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही," असं तू माझ्या लेकीला फोनवर सांगितलंस म्हणे. मला सांगायची हिंमत झाली नाही, ते बरंच झालं. पाटी उतरणार नाही. का ते ऐक.

समोर कॅफेवाला आला आणि माझी खाणावळ बसली, हे तुला माहीत आहे. त्याच्याकडे दिवे डोक्याला लागतील इतके खाली लोंबतात आणि बशीच्या मधोमध एवढासा घास, भोवती नुसती बशी. (घासायला सोपी, एवढं कबूल.) तरी माणसं तिकडेच. लेक म्हणायला लागली, आई, महिनाअखेर गाळ्याची किल्ली मालकाला देऊन मोकळ्या होऊ. म्हटलं, होऊ, पण आधी एक इंग्रजी पाटी लावून बघू. त्याची आहे तर माझी का नको? म्हणून तुला फोन केला, की मनापासून जेवणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात. एक शब्द सांगून फोन ठेवायचा की नाही? पण तू पडलास मास्तर. गुर्मे म्हण, म्हणजे चोखंदळ खवय्या, ग्लटन म्हणू नको, ग्रीडी तर मुळीच नको, ग्रीडी माणूस पैशालाही हपापलेला असतो, ग्लटनचं सगळं पोटापाशी, पुन्हा सांगतो ग्लटन नको... अख्खा तास घेतलास, आणि इकडे माझा रस्सा खाली लागला. गुर्मे ऐकून मला गुर्मी आठवली. गिऱ्हाइकाला काय दारातच सांगू, गुर्मी चढली असेल तर आत या म्हणून? आणि जे नको नको म्हणून बजावलं तेच डोक्यात बसतं, ही तुझ्या शिकवण्याची तऱ्हा. शिवाय ग्लटन हा शब्द जरा तोंडात घोळवून बघ. गटागटा रस्सा प्यायल्यासारखं वाटतं की नाही? रंगाऱ्याला तोच सांगितला. त्यानं लालभडक इंग्रजी अक्षरांत रंगवलं, ग्लटन्स वेलकम.

पाटी चढली त्याच दुपारी कॅफेवाला पोट धरधरून हसत आला. "अहो मावशी, अर्थ तरी माहितीये का? अधाशी! हावरट! बकाबका गिळणारा!" मी म्हटलं, "मग? माझ्याकडे काय लोक उपाशी बसायला येतात?" (आतून चरकले होते, पण रंग वाळून गेला होता.) त्यानं पाटीचा फोटो काढला आणि हसायला म्हणून गावभर फोनवर फिरवला. तिथेच गडी फसला. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग! गोदामातले हमाल, बँकेतले कारकून, घरी बायकोनं वजनकाट्यावर जेवायला बसवलेले साहेब, सगळे मला शेजारी घेऊन पाटीखाली फोटो काढतात आणि छाती फुगवून सांगतात, "मावशी, मी पण ग्लटन!" अरे, यातल्या एकाला मराठीत अधाशी म्हणून बघ, ताट फेकून मारेल. इंग्रजीत म्हटलं की पदवी मिळाल्यासारखा खुलतो. एक वकील जेवता जेवता सांगत होते, हौसेनं मार ओढवून घेणाऱ्यालाही इंग्रजीत ग्लटनच म्हणतात. (म्हणजे आमचे थोरले जावई. पडले तरी पुन्हा निवडणुकीला उभे राहताहेत.) आणि भराभर खाणाऱ्याला म्हणे लांडगा म्हणायचं, जास्त खाणाऱ्याला डुक्कर. आपण ओरपतो, हादडतो, आडवा हात मारतो, ते आपल्या हिमतीवर. मुक्या जनावरांवर ढकलत नाही.

बसायला जागा पुरेना, तेव्हा रस्ता ओलांडून थेट कॅफेवाल्याकडे गेले. म्हटलं, "तुझ्या खुर्च्या नुसत्या उभ्या आहेत, आण इकडे." मुकाट्यानं आणल्या. शेवटची आणली ती स्वतःच घेऊन बसला, आणि भात परत मागून घेतला! मी वाढताना मोठ्यानं विचारलं, "काय रे, कोण तू?" मान खाली घालून म्हणाला, "ग्लटन." सगळी खाणावळ हसली. लेक आता किल्लीचं नाव काढत नाही. तेव्हा तोंड दाखवायची सोय तू तुझी बघ, माझं तोंड सध्या सगळ्यांच्या फोनवर आहे. मुलांना पापे.

तुझी मावशी

ता. क. खरं काम राहिलंच. लोक पाटी फार मनावर घेताहेत. पोटभर वाढीन असं बोलून बसले आहे, आता शब्द मागे घेता येत नाही, आणि तांदळाचा डबा दिवसागणिक खडखडतोय. तर 'उठा आता' याला इंग्रजीत असा एक शब्द कळव की माणसाला मान मिळाल्यासारखं वाटेल आणि तो आपणहून हात धुवायला जाईल. एकच शब्द. तास घेऊ नको.

आणखी ता. क. उशीर करू नको. रंगाऱ्याला पाटीबद्दल एकवार पोटभर जेवण कबूल केलं होतं. रोज येतो आणि म्हणतो, अजून भरलं नाही.