न धुता आणायची शाल

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

उद्या विमानात बसते. उन्हाळाभर मला सांभाळण्याचं तुझं धाडस स्तुत्य आहे.

"ताई, आईची शाल तशीच आण, धुऊ नकोस. तिचा वास हवाय गं," म्हणत फोनवर गहिवरलास. धन्य ती मातृभक्ती! आई जाण्याआधी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तुला रजा मिळाली नाही.

तुझ्या आठवणीतली आई पावडरच्या वासाची. शालीला शेवटी मलमाचा आणि लघवीचा वास होता. तो माझ्या वाट्याचा. तुला कशाला देऊ? काल शाल दोनदा धुतली आणि तिच्यावर पावडर शिंपडली.

ती हुंगून तू "अगदी आई!" म्हणशील, तेव्हा मी मान डोलावीन. म्हणून हे पत्र बॅगेत न घालता कपाटात ठेवते आहे.

तुझी,
आईजवळ राहिलेली बहीण