शेवटचा भाग न वाचता

४ फेब्रुवारी, बुधवार
ठरलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. विषय : ‘जुन्या विज्ञानकथा, त्यांच्या काळात’. ग्रंथपालबाई म्हणाल्या, तासभर बोला. मी म्हणालो, तासात नुसती मुखपृष्ठं होतील. त्या म्हणाल्या, मग मुखपृष्ठं नकोत.
आजपासून रोजनिशी. तयारी रोज नोंदवायची. फक्त स्वतःसाठी. (पुढेमागे कुणी छापलीच तर हरकत घेणार नाही.)

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
कपाटातला सगळा माल जेवणाच्या टेबलावर काढला. पिवळी पडलेली मासिकं, पाठ निघालेल्या पेपरबॅक कादंबऱ्या. मुखपृष्ठावर हमखास अग्निबाण आणि डोक्यात काचेचं मडकं घातलेली बाई. आतल्या गोष्टीत बहुतेकदा बाईच नसते. हा शोध माझा. बायकोला सांगितला. ती म्हणाली, ताटं कुठे ठेवायची?
संशोधनाला घरात किंमत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
मुख्य मुद्दा सापडला. लोक या गोष्टी आज वाचतात आणि हसतात. मंगळावर टायपिस्ट कशी, यानात ॲशट्रे कसा. अरे, पण तो काळ बघा. कागद हलका, छपाई घाईची, लेखकाला मोबदला शब्दावर. म्हणून तर राक्षस तीन-तीन पानं मरत नाही.
सिद्धांत : गोष्ट लेखक लिहीत नाही, साल लिहितं. मला साल सांगा, मी शेवट सांगतो.
उदाहरण म्हणून ‘शून्यमार्ग’ मासिकातली ‘दुसरा चंद्र’ घेणार. चार अंकांत क्रमशः आलेली. आकाशात अचानक दुसरा चंद्र दिसतो. किनाऱ्यावरच्या ठाण्यातल्या रेडिओवाल्याला त्यातून संदेश ऐकू येतात, पण अर्थ लागत नाही. तिसऱ्या भागात चंद्र खाली सरकायला लागतो. चौथा, म्हणजे शेवटचा भाग माझ्याकडे नाही.
काही बिघडत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
बायको म्हणाली, तो अंक भाऊजींकडे आहे ना, ताईला फोन करते.
भाऊजी म्हणजे माझे साडू. दातांचे डॉक्टर. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. मी मनातल्या मनात त्यांना ‘प्लॅस्टिक’ म्हणतो. गेल्या वर्षी रद्दीच्या दुकानात हा अंक त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उचलला. बायको म्हणते, डोळ्यांदेखत कसा, तुम्ही चष्मा पुसत होतात. ते असो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.
त्यांच्याकडे अंक मागण्यापेक्षा जीभ कापून देईन, असं सांगितलं. ती म्हणाली, ते फक्त दातांचं बघतात.
फोन न करण्याची सक्त ताकीद दिली. ती हो म्हणाली. फार पटकन म्हणाली.

११ फेब्रुवारी
शेवट काढला. साधं गणित आहे. ‘दुसरा चंद्र’ छापली गेली ते साल अणुचाचण्यांचं. अणुयुद्धाच्या धास्तीने लोक तळघरात डबाबंद अन्न साठवत होते. लेखकाला दुसरा पर्यायच नव्हता. चंद्र आदळतो. पृथ्वीची राख. रेडिओवाला शेवटचा संदेश पाठवतो, ऐकायला कुणीही उरलेलं नसतं.
लिहिताना अंगावर काटा आला. मूळ लेखकाला इतकं जमलं असेल का, शंका आहे.

१३ फेब्रुवारी, ऑफिस, जेवणाची सुट्टी
आमच्या मीटर विभागातल्या हेडक्लार्कला शेवट वाचून दाखवला. त्याने विचारलं, म्हणजे तुम्ही तो भाग वाचलाय? मी म्हणालो, वाचणं ही समीक्षेची प्राथमिक पायरी आहे. तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. विचार करत असणार.

१९ फेब्रुवारी
डावीकडची दाढ ठणकते आहे. लवंगेचं तेल लावलं. बायको फोनकडे बघते. मी दुसरीकडे बघतो. शहरात दातांचे डॉक्टर काय एकच आहेत?

२१ फेब्रुवारी, शनिवार
दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. तो आठवडाभर परगावी. तिसऱ्याकडे गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, अहो, तुमचे साडूच डॉक्टर आहेत ना? परत आलो.
दुखणं आता कमी वाटतं आहे. गाल मात्र वाढला आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार, व्याख्यानानंतर
जिंकलो.
गर्दी चांगली होती. पाऊण हॉल रिकामा होता, पण जे आले ते निवडक. पहिल्या रांगेत बायको, मेहुणी आणि स्वतः प्लॅस्टिक. ताकीद कितपत पाळली गेली ते कळलं.
एका गालाने बोलत होतो, तरी सिद्धांत पोचला. ‘दुसरा चंद्र’चा शेवट सांगितला तेव्हा टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मागच्या एका आजोबांनी विचारलं, खरंच असा शेवट आहे? मी सरळ पहिल्या रांगेकडे बघून म्हणालो, कुणाला वेगळा माहीत असेल तर त्यांनी उभं राहून सांगावं.
प्लॅस्टिक उभे राहिले. म्हणाले, छान बोललात. उद्या सकाळी दवाखान्यात या, ती दाढ आता थांबणार नाही.
आणि बसले. एवढंच. निरुत्तर.
ग्रंथपालबाईंनी व्याख्यान वाचनालयाच्या त्रैमासिकात छापायला मागितलं आहे.

२३ फेब्रुवारी, पहाट
दाढ. फक्त दाढ.
जाणार. पण पेशंट म्हणून. अंकाचा विषय काढणार नाही.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
दाढ काढली. तोंडात कापूस. साडूंनी अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं आणि हातात पिशवी दिली. आत तो अंक. म्हणाले, तोवर चाळा.
चाळला. मग वाचला.
चंद्र आदळत नाही. रेडिओवाल्याला अखेर संदेशाचा अर्थ लागतो. ते लोक वाट चुकलेले असतात, कधीपासून रस्ता विचारत असतात. तो नकाशा उघडतो, जमेल तसा रस्ता सांगतो. ते आभार मानतात आणि जातात. रेडिओवाला ठाण्याबाहेर येतो. वर एकच चंद्र. त्याला जरा एकटं वाटतं. संपलं.
त्या सालात! तळघरं डब्यांनी भरलेली असताना! लेखकाने सालाचं अजिबात ऐकलं नाही. सिद्धांत माझा बरोबरच आहे, चुकला तो लेखक.
पान मिटवेना मात्र.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
व्याख्यान छापायला पाठवलं. एकच दुरुस्ती केली. ‘शेवट असा आहे’च्या जागी ‘शेवट असा असायला हवा होता’. माघार नव्हे. नेमकेपणा.
संध्याकाळी जखम दाखवायला गेलो. टाक्याजवळ टोचत होतं म्हणून साडूंनी पुन्हा भुलीचं इंजेक्शन दिलं. हात धुताना म्हणाले, एक विचारू का? त्यांच्याकडे आधीचे तीन भाग नाहीत. कधीच नव्हते. वर्षभर नुसता शेवट वाचतायत. कोण ते लोक, कुठून आले, हा रेडिओवाला त्यांना रस्ता का सांगतो, काही पत्ता नाही. तुम्हाला विचारावंसं वाटायचं, पण आपलं बोलणं बंद होतं, म्हणाले. परवा व्याख्यानाला त्यासाठीच आले होते. सुरुवात कळेल म्हणून.
व्याख्यानात मी सुरुवात सांगितली नव्हती. सिद्धांतातच वेळ गेला.
खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, सांगा.
मी पहिल्या भागापासून सुरू केलं. संध्याकाळ, समुद्र, माणसं गच्चीवर जमलेली, सगळं. हातवारे करून. पण अर्धं तोंड बधिर. त्यांना एक अक्षर कळलं नाही.