बाबूरावाचे दात

लोहारा, यवतमाळ
दि. १७ जानेवारी २०२५

ती. विमलताईस,
धाकट्या नरहरचा सा. न. वि. वि.

तिळाचे लाडू पोचले. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुला हळू बोलता येत नाही, म्हणून हा कागद. बातमी काही चांगली नाही.

संक्रांतीला केतकीच्या सासूबाई रत्नप्रभाबाई आणि जावई अनिमेष अमरावतीहून आले होते. व्याही दाताचे डॉक्टर, ते दवाखान्यामुळे आले नाहीत. तसेही ते बायकोपुढे फारसं बोलत नाहीत. केतकीला सातवा लागतोय, बाळंतपणाला ती इकडे कधी येणार ते ठरवायचं होतं. मी तिच्या खोलीला रंग दिलाय, पंखाही नवा बसवलाय. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. तेवढ्यात विहीणबाई हॉलमधल्या टाकीपाशी गेल्या आणि आपल्या बाबूरावानं नेमका त्याच वेळी आ वासला. दात बघून बाई किंचाळल्याच! एवढा मोठा मासा, लाल पोटाचा, त्यात तोंडात दात. निक्षून सांगून गेल्या की हा पिरान्हा ज्या घरात आहे तिथे त्यांचं नातवंड येणार नाही. मासा काढा, नाही तर बाळंतपण अमरावतीलाच होईल.

केतकी ऐकून फोनवर रडली. कॉलेजात असताना प्लास्टिकच्या पिशवीतून बोटाएवढा बाबूराव तिनंच घरी आणला होता. केतकी सासरी आणि तिची आई सुमती देवाघरी गेल्यापासून या घरात मी आणि तो, दोघंच. त्याला काढायला मन धजत नाही. पण लेकीनं पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊ नये, हे तर मला सहनच होणार नाही. काय करू, सांग.

माया करतेसच, थोडी अक्कलही पाठव.
तुझा नरहर


नेर
दि. २१ जानेवारी

चि. नरूस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी हसली, मंग डोकं धरून बसली. अरे भैताडा, त्या बाईले पिरान्हा हे नाव कोणं शिकवलं? तूच ना! केतकीच्या लग्नात पाहुण्यायले टाकीपाशी नेऊ नेऊ सांगत होता का हा पिरान्हा हाय, बोट घालसान तं हाती राहणार नाही म्हणून. मी तिथंच उभी होती न बापू. दुकानदारानं लाल पोटाचा म्हणून इकला, अन् तेवढ्यावर तू इतकी वर्सं मिशीले पीळ देऊन राह्यला. आता भोग.

मले एक सांग, माणसं खाणारा मासा तुह्या घरी पालक अन् केळं कायले खाते? मागं मी आलती तवा माह्या हातचे भिजवलेले चणे त्यानं चावून चावून खाल्ले. तू इरिगेशनात जलमभर धरणाचे नकाशे काढले, घरातला मासा कधी नीट पाह्यला का? पाह्य आता. अन् खरंच पिरान्हा निघाला, तं सरळ देऊन टाक कोणाले तरी. पोट्टी आधी, मासा मंग. हे वाचून तू तोंड वाकडं करशीन, कर.

माहा गुडघा उठू देत नाही, नाही तं त्या बाईशी मीच बोलली असती. जेवत जा वेळेवर.

तुह्यावर रागावलेली, तरी तुहीच,
ताई


लोहारा
दि. २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या, अगदी बरोबर पत्त्यावर.

टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. पुस्तकं चाळली, मोबाईल पाहिला आणि दोन माशांची चित्रं शेजारी शेजारी काढली. एक पिरान्हा. दुसरा पाकू, म्हणजे आपल्या बाजारात रूपचंद म्हणून विकतात तो. दोघेही ताटलीसारखे चपटे, चंदेरी, गळ्यापासून पोटापर्यंत लाल. लहानपणी तर विकणाराही फसतो. फरक सगळा तोंडात आहे. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, भांडायला निघाल्यासारखा, आणि दात त्रिकोणी, करवतीचे. रूपचंदाचे दात चौकोनी नि सपाट, थेट आपल्यासारखे. फळं आणि बिया फोडायला दिलेले. शिवाय लाल पोटाचा पिरान्हा फूटभर वाढला की जवळजवळ थांबतो. बाबूरावाला काचेबाहेरून पट्टी लावली, तो दीड फुटाच्या वर भरला! ताई, ज्या आकाराला सगळे घाबरले तोच आता त्याच्या बाजूनं साक्ष देतोय.

जबडाही पुढे आलेला नाही. दातांचं मात्र मी शपथेवर सांगू शकत नाही. शहाणा तोंड उघडतो आणि माझा चष्मा नाकावर येईपर्यंत मिटतो.

अनिमेषला चित्रं पाठवली. त्याला पटलं. त्याच्या आईचं म्हणणं, चित्र मुलीच्या बापानंच काढलंय, ते त्याच्या सोयीचंच असणार. नऊ फेब्रुवारीला आपल्याकडे डोहाळजेवण आहे. टाकीवर चादर घालणार असाल तरच येऊ, असा निरोप आलाय. घालतो चादर, दुसरं काय करू?

तुझ्या लोभातला,
नरहर


नेर
दि. २ फेब्रुवारी

चि. नरूस,
आशीर्वाद. वि. वि.

चादर घालशीन तं माह्याशी बोलू नको. चोर हाय का तो? झाकलं का लोकायले वाटते, हाय इथं काहीतरी.

आपला गडी भावसिंग यवतमाळले येऊन राह्यला, त्याच्या हाती आपल्या शेताच्या धुऱ्यावरची बोरं पाठवली. बी दगडासारखी हाय. आदल्या दिवशी बाबूरावले उपाशी ठेव. मंग सगळ्यायसमोर बोर टाक, अन् व्याह्यांले काचेले नाक लावून बसव. बाईचा तुह्या चित्रावर भरोसा नाही, नवऱ्याच्या धंद्यावर तं असन? त्याच धंद्यानं घर चालते तिचं.

अन् त्यानं तोंडच नाही उघडलं, तं दुसऱ्या दिवशी त्याले घराबाहेर कर. तवा रडत पत्र लिहू नको.

केतकीची दृष्ट काढ.
ताई


लोहारा
दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. तर आहेच, आज लोटांगण!

जिंकलो, ताई, जिंकलो!

चादर घातली नाही. विहीणबाई दारातच थबकल्या. केतकी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घातलेली, तिनं हात धरून त्यांना आत आणलं. पण त्या बसल्या पार भिंतीला टेकून. ओटी झाली, गाणी झाली. मग मी व्याह्यांना टाकीपुढे खुर्ची दिली आणि बोर टाकलं.

बाबूराव जागचा हलला नाही! एवढी परकी माणसं बघून कोपऱ्यात रुसून बसला. बोर नुसतं वर तरंगत राहिलं. विहीणबाई उठून चपला शोधायला लागल्या. तेव्हा केतकी पुढे झाली. तिनं काचेवर टकटक केलं आणि कॉलेजात असताना मारायची तशी हाक मारली. काय सांगू, बाबूराव सरळ वर आला! बोर तोंडात घेतलं, आणि कडाड! बी फुटल्याचा आवाज दाराशी उभ्या विहीणबाईंनाही ऐकू गेला.

व्याही खुर्ची सोडून गुडघ्यांवर बसले. खिशातली छोटी बॅटरी काढली आणि मला आणखी बोरं टाकायला लावली. बाबूराव फोडतोय आणि ते बघतायत. शेवटी उठले नि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की जन्मभर हेच बघत आलो, हे दात फाडायचे नाहीत, दळायचे आहेत. मग बायकोकडे वळून म्हणाले, की तुझ्या नव्या कवळीपेक्षा याची ठेवण चांगली आहे, आता सुनेला माहेरी पाठव. ताई, हसता हसता बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाई आधी लाल झाल्या, मग त्यांनाही हसू आवरेना. जाताना टाकीपाशी थांबल्या आणि एक बोर लांबूनच फेकलं. ते त्यानं खाल्लं. महिनाअखेरीस केतकीला पाठवायचं ठरलं!

या घरात इतका आनंद सुमती असताना होता, त्यानंतर कालच पाहिला.

तुझ्याच डोक्यावर जगणारा,
नरहर


लोहारा
दि. २ मार्च

ती. आत्यास,
केतकीचा नमस्कार. वि. वि.

बाबा म्हणतात, आत्याला बातमी कागदावरच कळली पाहिजे, म्हणून लिहितेय. काल सासूबाईंनी स्वतः मला आणून सोडलं. निघताना बाबांना बजावून गेल्या, की हिला वेळेवर जेवू घाला आणि त्या दातवाल्यालाही.

संध्याकाळी बाबा भाजी चिरता चिरता थांबले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले की इतकी वर्षं एकट्यापुरतं रांधायची सवय झाली, अडीच माणसांना किती लागतं तेच आठवत नाहीये. मग डोळे पुसले आणि कांद्याला शिव्या दिल्या. आत्या, भाजी पालकाची होती. कांदा अजून टोपलीतच होता.

गुडघा कसाही असो, तू ये. मी घरी आलेय.

तुझीच,
केतकी